हार्मोन आणि प्लेटमधल्या कॅन्सर पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतात. एक म्हणजे एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारी मुलं, ज्यांच्या प्लेटमध्ये (पेशी वाढवायच्या प्लास्टिकच्या बशीत) इस्ट्रोजेन टाकूनही ढिम्म काही घडत नाही. दुसरे म्हणजे घरात कुणाला गर्भपिशवीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर निघालेला आहे असे लोक. त्यांनी ‘अमुक हार्मोनने कॅन्सर पेशी दुप्पट वाढल्या’ अशी बातमी वाचलेली असते आणि रात्रीची झोप उडालेली असते. गंमत अशी की दोघांचंही समाधान साधारण त्याच गोष्टी सांगून होतं, म्हणून सगळं एका पानावर आणलं. उपचाराचा सल्ला इथे मिळणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पेशी ‘कल्चरमध्ये’ वाढवतात म्हणजे नेमकं काय करतात?

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतल्या, किंवा पोटात साठलेल्या पाण्यातल्या पेशी सुट्या करून प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये लावतात. त्यांना मीडियम देतात, म्हणजे साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आणि बहुधा 10 टक्के सीरम. हे सीरम गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातून काढलेलं असतं. मग 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. बहुतेक पेशी काही दिवसांत मरतात. क्वचित काही तग धरतात, तळाला चिकटून वाढत राहतात, फ्लास्क भरला की दुसऱ्या फ्लास्कमध्ये वाटून घ्याव्या लागतात. वर्षानुवर्षं अशी टिकली की ती ‘सेल लाइन’ झाली.

माणसाची पहिली अशी अमर सेल लाइन स्त्रीरोगाच्या कॅन्सरमधूनच आली. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि ‘हेला’ पेशी जन्माला आल्या. बाईंना कुणी विचारलं नव्हतं, ही त्या गोष्टीची काळी बाजू. आपला धागा असा की पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे याच गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकायला गेल्या होत्या. परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. आज आपल्याकडे कुणी फ्लास्क उघडतं तेव्हा त्या परंपरेचा एक दोर थेट तिथवर जातो.

हार्मोन पेशीला ‘वाढ’ असं सांगतं कसं?

इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन ही स्टेरॉइड कुळातली, स्निग्धात विरघळणारी हार्मोन्स. ती पेशीच्या आवरणातून सरळ आत जातात. आत त्यांचा रिसेप्टर (हार्मोनला धरणारं प्रथिन) असेल तर त्याला चिकटतात, मग ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि काही जनुकं चालू, काही बंद करते. चालू होणाऱ्यांत पेशीविभाजनाची गाडी पुढे ढकलणारी जनुकंही असतात. रिसेप्टर नसेल तर हार्मोन कितीही ओता, उपयोग नाही. इस्ट्रोजेनचे मुख्य रिसेप्टर दोन आहेत. अल्फा आधीपासून माहीत होता, बीटा 1996 मध्ये सापडला. वाढीचा जोर बहुतेक वेळा अल्फाकडून येतो.

मग बायकांच्या कॅन्सरच्या सगळ्याच पेशी इस्ट्रोजेनने वाढतात का?

नाही. बातम्यांत हेच नेमकं गळून जातं.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमधली ‘इशिकावा’ ही जपानमधली लाइन, 1985 साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्हींचे रिसेप्टर आहेत. एस्ट्राडायोल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) दिलं की ती वाढते, शिवाय अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जोरात तयार करते. हा प्रतिसाद इतका भरवशाचा आहे की एखाद्या रसायनात इस्ट्रोजेनचा गुण आहे का हे तपासायला तो कसोटी म्हणून वापरतात. त्याच अवयवातल्या कॅन्सरची, जपानचीच दुसरी लाइन ‘एचईसी-1ए’. तिच्यात अल्फा रिसेप्टर जेमतेम, त्यामुळे ती इस्ट्रोजेनला फारशी दाद देत नाही. अवयव एकच, पण स्वभाव दोन. दवाखान्यातही हेच दिसतं: अस्तराचे काही कॅन्सर हार्मोनवर पोसलेले असतात, काहींना त्याच्याशी देणंघेणं नसतं.

अंडाशयात गुंता अजून वाढतो. एडिनबराची ‘पीईओ1’ लाइन इस्ट्रोजेनने वाढते आणि टॅमोक्सिफेन या इस्ट्रोजेनची जागा अडवणाऱ्या औषधाने ती वाढ अडते. सर्वत्र वापरली जाणारी ‘एसकेओव्ही-3’ मात्र विचित्र आहे. तिच्यात अल्फा रिसेप्टर दिसतो, तरी एस्ट्राडायोल दिल्यावर तिच्या वाढीत फरक पडत नाही. कुलूप आहे, किल्लीही बसते, दार मात्र उघडत नाही. म्हणून ‘रिसेप्टर आहे’ एवढ्यावर ‘वाढणारच’ असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी ही लाइन लावायला देते.

आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर? हेला पेशींना हार्मोन कळतं का?

हेलामध्ये इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर नाही म्हटलं तरी चालेल. पण या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो (हेलात तो 18 नंबरचा), आणि विषाणूच्या जनुकांचं नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यात ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसोलसारखी स्टेरॉइड हार्मोन्स) आणि प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरना बसायच्या जागा आहेत. म्हणजे हार्मोन इथे विषाणूच्या वाटेनं बोलतं. ‘सी4-1’ नावाच्या गर्भाशयमुखाच्या लाइनमध्ये डेक्सामेथासोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड औषध दिल्यावर विषाणूची ई6 आणि ई7 ही दोन खोडकर जनुकं वाढली आणि पेशींची वाढही वाढली. उंदरांत तर इस्ट्रोजेनचा हात स्पष्ट दिसला. 1996 मध्ये एचपीव्ही-16 ची जनुकं घातलेल्या उंदरांना दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिल्यावर त्यांच्या गर्भाशयमुखात कॅन्सर झाला. प्लेटमध्ये हे दिसलं नसतं, कारण जुन्या लाइनमधल्या बहुतेक पेशींनी इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच गमावलेला असतो.

प्रोजेस्टेरॉन वाढवतं की थांबवतं?

अस्तराच्या पेशींत ते बहुतांशी ब्रेक आहे. 1961 पासून डॉक्टर पसरलेल्या अस्तराच्या कॅन्सरवर प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं वापरत आले आहेत, आणि 1970 च्या दशकात नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांत हा कॅन्सर वाढल्याचं दिसल्यावर सोबत प्रोजेस्टिन देण्याची पद्धत रुळली.

प्लेटमध्ये मात्र हा ब्रेक नेहमी लागत नाही. एक कारण साधं आहे: प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर पेशीत तयार व्हायला आधी इस्ट्रोजेन लागतं. ते न देता थेट प्रोजेस्टेरॉन टाकलं तर ते ऐकणारं कुणी नसतं. दुसरं कारण खोल आहे. शरीरात अस्तराच्या पेशींशेजारी आधारपेशींचा थर असतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की अस्तराला थांबवण्याचा प्रोजेस्टेरॉनचा हुकूम या शेजाऱ्यांमार्फत जातो. प्लेटमध्ये एकाच जातीच्या पेशी असतात, शेजारी नसतात, मग निरोप पोचवणार कोण?

मीडियम लाल का असतं? त्या रंगाचा काही परिणाम होतो का?

माझा आवडता प्रश्न. तो लाल रंग फिनॉल रेडचा. मीडियम आंबट झालं की पिवळं, अल्कधर्मी झालं की जांभळट होतं, म्हणून नजरेनं पेशींची तब्येत कळते. 1986 साली अमेरिकेत कॅट्झेनेलेनबोगेन दांपत्याच्या प्रयोगशाळेतून असं दाखवलं गेलं की हाच रंग मंद इस्ट्रोजेनसारखा वागतो. रिसेप्टरला चिकटण्याची त्याची ताकद एस्ट्राडायोलच्या जेमतेम एक लाखांश. पण मीडियममध्ये तो 15 ते 45 मायक्रोमोलर असतो (मोलर हे द्रावणातल्या मात्रेचं माप; नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग). हिशेब मांडा: 30 मायक्रोमोलरचा एक लाखांश म्हणजे 0.3 नॅनोमोलर, आणि एवढं एस्ट्राडायोल तर मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या रक्तात असतं! म्हणजे जगभरातले लोक ‘इस्ट्रोजेन नसलेल्या’ पेशी म्हणून जी प्लेट बाजूला ठेवत होते, तिला रंगातून रोज डोस मिळत होता. तिच्याशी तुलना केली की इस्ट्रोजेनचा परिणाम शून्य दिसणार, दुसरं काय.

दोन वर्षांनी आणखी एक फाटा फुटला: दोष रंगाचा नाही, रंग बनवताना राहिलेल्या अशुद्ध घटकाचा आहे. त्यामुळे एका बाटलीत हा गुण जास्त, दुसरीत कमी. तेव्हापासून हार्मोनच्या कामासाठी फिनॉल रेड नसलेलं, पाण्यासारखं दिसणारं मीडियम वापरतात. महाग पडतं, पण पर्याय नाही.

प्लास्टिकनेही असाच दगा दिला आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या पेशी हार्मोन न देताच वाढू लागल्या. शोध घेता घेता ते सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांपर्यंत पोचले. नळीच्या प्लास्टिकमधून इस्ट्रोजेनसारखं वागणारं नोनिलफिनॉल पाझरत होतं, हे त्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलं. 1993 मध्ये स्टॅनफर्डला ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेल्या) पॉलीकार्बोनेट फ्लास्कमधून त्याच गुणाचं बिस्फिनॉल-ए पाण्यात उतरल्याचं आढळलं.

‘चारकोल स्ट्रिप्ड’ सीरम म्हणजे काय?

सीरममध्ये वासराच्या आणि गायीच्या शरीरातली हार्मोन्स असतात. डेक्स्ट्रानचा लेप दिलेल्या कोळशाच्या भुकटीत ते घुसळलं की स्टेरॉइड कोळशाला चिकटतात आणि सीरम बऱ्यापैकी हार्मोनमुक्त होतं. पण कोळशाला भेदभाव कळत नाही. थायरॉइड हार्मोन, काही जीवनसत्त्वं, स्निग्ध पदार्थ हेही जातात. म्हणून पेशी थोड्या मलूल होतात, ते अपेक्षितच आहे.

प्रयोगात हार्मोन किती देतात? शरीरात असतं तेवढंच का?

बहुतेक पेपरांत ‘10 नॅनोमोलर एस्ट्राडायोल’ हा आकडा दिसेल. एस्ट्राडायोलचा रेणुभार 272, म्हणून हे साधारण 2,700 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर झालं. आता लॅबचा रिपोर्ट आठवा. अंडं सुटण्याच्या सुमारास, महिन्यातल्या सर्वांत वरच्या पातळीला, रक्तात 200 ते 400 पिकोग्रॅमच्या आसपास असतं. रजोनिवृत्तीनंतर विशी-तिशीच्याही खाली. अस्तराचा कॅन्सर मुख्यतः रजोनिवृत्तीनंतर होतो, म्हणजे त्या वयाच्या स्त्रीच्या मानानं प्लेटमधल्या पेशींना शंभर पट डोस मिळतो. हा आकडा रूढीनं चालत आलाय, आणि नवीन मुलं तो डोळे मिटून वापरतात याची मला चीड येते. एकच डोस न देता 0.01 ते 10 नॅनोमोलर अशी शिडी लावावी. सोबत फक्त इथेनॉल दिलेली प्लेट हवीच, कारण हार्मोन त्यातच विरघळवतात.

टॅमोक्सिफेन स्तनाचा कॅन्सर थांबवतं, मग गर्भपिशवीच्या अस्तरावर उलटं का वागतं?

टॅमोक्सिफेन रिसेप्टरवर बसतं आणि इस्ट्रोजेनची जागा अडवतं. स्तनाच्या पेशीत ते तिथं बसून गप्प राहतं. अस्तराच्या पेशीत ते स्वतःच अर्धवट इस्ट्रोजेनसारखं काम करतं. हे आधी प्रयोगशाळेत दिसलं. 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात पी. जी. सत्यस्वरूप आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या अस्तराच्या कॅन्सरची गाठ प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत लावली, आणि टॅमोक्सिफेनने ती वाढली. 1988 चा पुढचा प्रयोग तर डोळ्यांत भरणारा. त्यात क्रेग जॉर्डन यांच्याबरोबर सत्यस्वरूपही होते. एकाच उंदराच्या एका बाजूला स्तनाच्या कॅन्सरची गाठ, दुसऱ्या बाजूला अस्तराची. औषध एकच, रक्त एकच. स्तनाची गाठ रोखली गेली आणि अस्तराची वाढत राहिली.

कारणाचा एक मोठा तुकडा 2002 मध्ये पेशींतूनच सापडला. रिसेप्टर एकटा काम करत नाही, त्याला मदतनीस प्रथिनं लागतात. इशिकावा पेशींत एसआरसी-1 हा मदतनीस स्तनाच्या एमसीएफ-7 पेशींपेक्षा बराच जास्त असतो. टॅमोक्सिफेन बसलेल्या रिसेप्टरलाही तो हाताशी धरून काम करून घेतो. एसआरसी-1 कमी केलं की इशिकावामधला हा उलटा परिणाम जातो.

घरच्यांसाठी एक गोष्ट जोडते. स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (निकाल 1998) टॅमोक्सिफेन घेणाऱ्यांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका सुमारे अडीच पट दिसला, मुख्यतः पन्नाशीनंतर. अडीच पट ऐकून घाबरायला होतं, पण मूळ धोकाच लहान आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरवर या गोळीचा फायदा मोठा आहे. गोळी मनानं बंद करू नका. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

पेशी ‘वाढल्या’ हे मोजतात कसं?

सर्वांत स्वस्त आणि लाडकी चाचणी एमटीटी. पिवळं रसायन जिवंत पेशी जांभळं करतात आणि रंग मशीनवर मोजतात. खोट अशी की ती पेशींची संख्या मोजत नाही, त्यांची चयापचयाची धावपळ मोजते. हार्मोनने पेशी तेवढ्याच राहून जास्त धावपळ करू लागल्या तरी आलेख चढतो. म्हणून सोबत सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष मोजणी, किंवा नवा डीएनए बनतोय का हे दाखवणारी चाचणी हवी. शिवाय वेळ द्या. इस्ट्रोजेनचा परिणाम 24 तासांत शोधणं म्हणजे पेरलेल्या दिवशी कणीस शोधणं. पाच-सहा दिवस थांबा.

पेशी भलत्याच निघाल्या असं खरंच होतं?

होतं, आणि लाज वाटावी इतक्या वेळा होतं. ‘बीजी-1’ ही अंडाशयाची, इस्ट्रोजेनला छान प्रतिसाद देणारी लाइन म्हणून प्रसिद्ध होती. तिच्यावर बेतलेली इस्ट्रोजेन ओळखण्याची चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2012 मध्ये स्वीकारली. पुढे डीएनएची ओळखपरेड केली तर चाचणीतल्या त्या पेशी अंडाशयाच्या नव्हत्याच, स्तनाच्या एमसीएफ-7 पेशींचा एक भाऊबंद निघाला! चाचणीचं नाव बदलावं लागलं. चाचणी म्हणून ती आजही चालते, कारण इस्ट्रोजेन ती ओळखतेच. पण त्या पेशी वापरून ‘अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये असं घडतं’ असं लिहिणाऱ्यांचं काय? ‘सीओव्ही434’ चीही तीच कथा. वर्षानुवर्षं तिला ग्रॅन्युलोसा पेशींची (अंडाशयात अंड्याभोवती असणाऱ्या पेशींची) गाठ मानलं, अलीकडे ती अंडाशयाच्या वेगळ्याच, दुर्मीळ कॅन्सरची ठरली. एसटीआर प्रोफाइल (हीच डीएनएची ओळखपरेड) न केलेल्या पेशीवर मी विद्यार्थ्याला काम सुरू करू देत नाही. ‘शेजारच्या लॅबमधून मिळाली’ ही ओळख नव्हे.

इन्सुलिन आणि साखरेचं काय?

इन्सुलिन आणि त्याचा भाऊ आयजीएफ-1 हेही अस्तराच्या पेशींना वाढवतात. लठ्ठपणा आणि मधुमेहाचा या कॅन्सरशी असलेला संबंध काही अंशी इथून येतो. दुसरा हिस्सा चरबीचा: तिच्यातलं ॲरोमटेज हे एन्झाइम रजोनिवृत्तीनंतरही इस्ट्रोजेन बनवत राहतं. पण प्लेटमधली साखर बघा. नेहमीच्या ‘हाय ग्लुकोज’ मीडियममध्ये लिटरला 4.5 ग्रॅम, म्हणजे 450 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. घरच्या ग्लुकोमीटरवर एवढा आकडा आला तर आपण रिक्षा बोलावू. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या प्रयोगांतही तेच. प्लेटमध्ये ते मिलिमोलरमध्ये ओततात, गोळी घेणाऱ्याच्या रक्तात मायक्रोमोलरमध्ये असतं. शेकडो पटींचा फरक.

कॅन्सर पेशी स्वतः हार्मोन बनवतात का?

काही बनवतात. वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कोरिओकार्सिनोमामधली ‘बेवो’ लाइन 1968 साली पॅटिलो आणि (पुन्हा तेच) गाय यांनी प्रसिद्ध केली. ती फ्लास्कमध्ये बसून एचसीजी सोडते, तेच हार्मोन ज्यावर घरगुती गर्भचाचणीची पट्टी चालते. या पेशींवर हार्मोनचा प्रयोग करताना त्या स्वतः किती बनवतात हे आधी मोजावं लागतं.

सोयाबीन, जवस खाऊन कॅन्सर वाढतो असं प्लेटमध्ये सिद्ध झालंय ना?

सोयातल्या जेनिस्टीनचा प्लेटमधला स्वभाव दुतोंडी आहे. कमी मात्रेत, साधारण 1 मायक्रोमोलरला, ते इस्ट्रोजेनला दाद देणाऱ्या पेशींना वाढवतं. 10 च्या बरंच वर गेलं की वाढ रोखतं. म्हणजे एकाच पदार्थावर ‘कॅन्सर वाढवतो’ आणि ‘कॅन्सर मारतो’ अशा दोन्ही बातम्या छापता येतात, आणि छापल्याही जातात. आतड्यातून, यकृतातून जाऊन रक्तात काय उरतं हे प्लेट सांगत नाही. वरणात सोयाबीन घालायचं की नाही हे कुठल्याही सेल लाइनला विचारू नका.

गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, तरी त्यांनी अंडाशयाचा कॅन्सर कमी कसा होतो?

एकत्रित गोळ्या घेणाऱ्यांत अंडाशयाचा आणि अस्तराचा कॅन्सर कमी आढळतो, गोळ्या बंद केल्यावरही वर्षानुवर्षं. गर्भाशयमुखाचा मात्र पाच वर्षांहून जास्त वापराने थोडा वाढतो, बंद केल्यावर तो धोका उतरत जातो. अंडाशयाच्या बाबतीत कारण बहुधा असं की गोळीमुळे दर महिन्याला अंडं फुटून बाहेर येणंच थांबतं. प्लेटमध्ये अंडं सुटत नाही, म्हणून हा फायदा तिथे कधीच दिसला नसता.

माझ्या प्लेटमध्ये कंट्रोल (हार्मोन न दिलेल्या पेशी) आणि इस्ट्रोजेन दिलेल्या पेशी सारख्याच वाढतात. कुठे चुकतंय?

मीडियम, सीरम, रिसेप्टर आणि ओळख हे सगळं तपासून झालं असेल तर पेशी उचलण्याची पद्धत बघा. आमच्याकडे एका मुलीचे तीन महिने असेच गेले. रंगहीन मीडियम, स्ट्रिप्ड सीरम, ताजं एस्ट्राडायोल, सगळं जागेवर. एक दिवस मी शेजारी उभी राहून बघितलं. ट्रिप्सिन या एन्झाइमने तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या केल्यावर ते थांबवायला ती सवयीनं नेहमीचं, लाल, साधं सीरम घातलेलं मीडियम वापरत होती आणि न धुताच पेशी लावत होती. ट्रिप्सिनची बाटलीही लालच होती. मग पेशी दोनदा धुवायला सुरुवात केली, लावल्यावर तीन दिवस स्ट्रिप्ड मीडियममध्ये उपाशी ठेवल्या आणि त्यानंतर हार्मोन दिलं. पाचव्या दिवशी मोजणी केली तेव्हा दोन प्लेटमधला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.